वलगावचा पूल आणि चौथीचा वर्ग

अमरावतीहून मुक्तागिरीच्या वंदनेला निघालेली कुटुंबे बहुधा पहाटेच शहर सोडतात. ऊन चढण्याआधी डोंगराच्या पायऱ्यांना लागावे, बावन्न मंदिरांचे दर्शन निवांत व्हावे, असा बेत असतो. गाडीत मागच्या बाजूला मुले पेंगत असतात, पुढे आजोबांचा णमोकार मंत्राचा जप चाललेला असतो. शहर मागे टाकून दहाएक किलोमीटर झाले की वलगाव येते. येथून एक रस्ता आसेगावावरून परतवाड्याकडे जातो. दर्यापूर आणि चांदूर बाजारच्या वाटाही याच बाजूला फुटतात. गावाजवळून पेढी नदी वाहते आणि पुढे पूर्णेला मिळते. यात्रेकरूंचे लक्ष सातपुड्याकडे लागलेले असल्यामुळे वलगावला सहसा कोणी उतरत नाही. पूल मिनिटभरात ओलांडला जातो.

याच पेढी नदीच्या पुलावर २० डिसेंबर १९५६ रोजी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. प्रकृती खालावलेली होती आणि त्यांना मोटारीतून अमरावतीकडे नेले जात होते. अवघ्या चौदा दिवसांपूर्वी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महानिर्वाण झाले होते. नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदी येथे इतरांसाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या माणसाला मरण आले ते रस्त्यावर, चालत्या गाडीत. आयुष्यही रस्त्यावरच गेले होते, त्यामुळे त्यात विसंगती काहीच नाही. अमरावतीच्या गाडगेनगरात त्यांची समाधी आहे आणि वलगावला नदीकाठी निर्वाणभूमीचे स्मारक आहे.

गाडगेबाबांचा झाडू साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. स्वच्छतेच्या अभियानांवर त्यांचे चित्र असते आणि ते योग्यच आहे. मात्र त्यांच्या कीर्तनातला दुसरा विषय तितक्या आग्रहाने आठवला जात नाही. तो म्हणजे मुलांचे शिक्षण. घरात भांडी नसली तर हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला लुगडे कमी किमतीचे घ्यावे, पण मुलाला शाळेत घातल्याशिवाय राहू नये, असे ते गावोगाव सांगत. सांगणारा स्वतः शाळेत गेलेला नव्हता.

हा आग्रह कोठून आला, याचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेला डेबू वडिलांच्या मृत्यूनंतर आईबरोबर मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्याला, आजोळी राहिला. मामा चंद्रभानजी कष्टाळू शेतकरी होते. सावकाराचे देणे फिटत आले, असा त्यांचा समज होता. कागदात मात्र निराळेच लिहिलेले होते. चंद्रभानजींना वाचता येत नव्हते. जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेले, असे चरित्रकार सांगतात. त्यांच्यापैकी प्रबोधनकार ठाकरे यांनी लिहिलेले चरित्र १९५२ साली, बाबा हयात असतानाच प्रसिद्ध झाले होते.

व्यापारी घरांतल्या वाचकांना ही कथा थोडी टोचते. टोचायलाच हवी. रोजमेळ आणि खतावणी लिहिणारे हात एका बाजूला आणि अंगठा उठवणारे हात दुसऱ्या बाजूला, असा व्यवहार वऱ्हाडात कित्येक पिढ्या चालला. कागद लिहिणारा प्रत्येक जण लबाड नव्हता. पण ज्याला वाचता येत नाही त्याला प्रामाणिक माणूस आणि लबाड माणूस यांतला फरक कळण्याचे साधन नसते, ही गोष्ट खरी.

आता अंगठे कमी झाले. बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्जाच्या कागदावर सही केली जाते. परंतु सही म्हणजे वाचन नव्हे. स्वतःच्या नावाचे चित्र काढावे तशी सही करणारे आणि खाली छापलेल्या अटींचा एकही परिच्छेद वाचू न शकणारे खातेदार प्रत्येक शाखाधिकाऱ्याने पाहिलेले असतात. त्यांच्यातील अनेक जण चौथी, सातवी शिकलेले असतात. मग शाळेत इतकी वर्षे जाऊन झाले काय, हा प्रश्न उरतोच.

'असर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वार्षिक पाहणीने २००५ पासून हाच प्रश्न घरोघरी जाऊन विचारला आहे. ग्रामीण भारतात सहा ते चौदा वयाची सुमारे ९८ टक्के मुले आता शाळेत दाखल आहेत. तरीही २०२४ च्या पाहणीत तिसरीच्या मुलांपैकी २७.१ टक्के आणि पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. म्हणजे पाचवीचा निम्म्याहून अधिक वर्ग तीन इयत्ता मागचे पान वाचू शकत नाही. गाडगेबाबांच्या सांगण्यातले 'शाळेत घाला' हे अर्धे काम देशाने केले. दुसरे अर्धे बाकी आहे.

या पाहणीचे साधन इतके साधे आहे की कोणत्याही घरी वापरता यावे. एका कागदावर काही सुटी अक्षरे, काही सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार वाक्यांचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट असते. मुलाला जवळ बसवून वाचायला सांगायचे. अडखळला तर एक पायरी खाली यायचे, सहज वाचले तर एक पायरी वर जायचे. पाच अक्षरांपैकी चार ओळखली तर तो अक्षरांच्या पायरीवर, शब्दांचेही तसेच. परिच्छेदाची कसोटी मात्र बारकाईने पाहावी अशी आहे. दोनतीन चुका झाल्या तरी चालतात. पण वाक्य हे वाक्यासारखे वाचले गेले पाहिजे, सुट्या शब्दांची माळ ओढल्यासारखे नव्हे.

ओघवते वाचन म्हणतात ते हेच. वलगावसारख्या मोठ्या गावातील चौथीच्या कोणत्याही वर्गाची कल्पना केली तर तेथे निदान चार प्रकारची मुले एका रांगेत बसलेली असतात. एकाची काना आणि वेलांटीतच अजून गफलत होते. दुसरी शब्द जुळवते, पण वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत आरंभीचा शब्द विसरते. तिसरा सगळे वाचतो, मात्र एका सुरात, आणि काय वाचले असे विचारले की गप्प होतो. चौथीचे पान केव्हाच वाचून झालेले असते. ती खिडकीबाहेरची कपाशी पाहत बसते. चौघांपुढे पुस्तक एकच असते आणि धडाही एकच. कापूस वेचणीच्या दिवसांत पहिला महिनाभर गैरहजर राहिला तर धडा त्याच्यासाठी थांबत नाही.

अडखळत वाचणाऱ्या मुलाची अडचण व्यापाऱ्याला भांडवलाच्या भाषेत चटकन समजते. मनाची पुंजी मर्यादित असते. ती सगळी अक्षर ओळखण्यातच खर्च झाली तर अर्थासाठी काही शिल्लक राहत नाही. अक्षर ओळखणे सवयीचे झाले की तो खर्च जवळजवळ शून्यावर येतो आणि उरलेली पुंजी समजण्याकडे वळते. देवनागरी लिपी याबाबतीत सोपीही आहे आणि अवघडही. लिहिले तसे उच्चारायचे, ही सोय आहे. पण ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते आणि उच्चारात नंतर येते. रफार अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चार त्या अक्षराच्या आधी होतो. मोठ्यांना यात काही विशेष वाटत नाही, कारण त्यांनी हे डोंगर लहानपणीच ओलांडलेले असतात. सात वर्षांच्या मुलाला 'पूर्णा' वाचताना डोळा पुढे नेऊन मागे आणावा लागतो.

केंद्र सरकारच्या ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलाने किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत, असे लक्ष्य ठेवले. आकडा असणे चांगले, हिशेब लागतो. तरी या आकड्याबाबत सावधगिरी हवी. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात. 'झाडाखालच्या' किंवा 'खेळण्यासाठी' हा एकच शब्द मोजला जातो, पण इंग्रजीत त्याच अर्थाला तीनचार सुटे शब्द लागतात. त्यामुळे इंग्रजी शाळेतल्या नातवाचे मिनिटाचे शब्द आणि गावातल्या मुलाचे मिनिटाचे शब्द यांची तुलना करू नये. हातात घड्याळ घेऊन वर्गात शर्यत लावणे हे तर त्याहून वाईट. अर्थासह हा शब्द लक्ष्यात आहे तो शोभेसाठी नाही.

मग ओघ येतो कसा? वाचून येतो, मोठ्याने वाचून, आणि कोणी ऐकणारे असेल तर लवकर येतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील जे सॅम्युअल्स यांनी १९७९ साली एक पद्धत मांडली. मुलाला त्याच्या आवाक्यातला छोटा उतारा द्यावा आणि तोच पुन्हा पुन्हा वाचून घ्यावा. तिसऱ्याचौथ्या वेळी वेग वाढतो, चुका घटतात. आणि महत्त्वाचे म्हणजे पुढचा नवा उतारा पहिल्यांदा वाचतानाही सुरुवात आधीपेक्षा बरी होते. २००० साली तेथील राष्ट्रीय वाचन समितीने अनेक प्रयोगांचा आढावा घेऊन मार्गदर्शनाखालील प्रकट वाचनाच्या बाजूने कौल दिला. मराठी शाळांना हे अगदी अनोळखी नाही. प्रकट वाचन, अनुवाचन, मूक वाचन हे शब्द जुन्या मास्तरांच्या टाचणवहीत असतच. बिघाड असतो तो वेळेच्या वाटपात.

पस्तीस मिनिटांची तासिका आणि तीस मुले. एकेकाने उभे राहून वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे ठरवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला सत्तर सेकंद येतात. आठवड्याच्या सहा तासिकांची बेरीज सात मिनिटे. तीही सगळ्यांना मिळत नाहीत. हात वर करणाऱ्यांनाच मिळतात. त्याऐवजी मुलांच्या पंधरा जोड्या केल्या आणि एकाने वाचावे, दुसऱ्याने बोट ठेवून ऐकावे, मग पाळी बदलावी, असे केले तर गोंधळाची दहा मिनिटे वजा जाता प्रत्येकाला रोज बारा मिनिटे मिळतात. आठवड्याला बहात्तर. शिक्षक तोच, खोली तीच, पुस्तक तेच, एक रुपयाही वाढीव खर्च नाही, आणि वाचन दहापट. वर्गात गलका होतो हे खरे. गलक्याला बेशिस्त समजणारे तपासनीस आणि पालक दोघेही आहेत. जोड्या लावताना फार हुशार आणि फार कच्चे मूल एकत्र बसवू नये. एक पायरी पुढे असलेला सोबती सर्वांत उपयोगी पडतो.

पाठ झालेले म्हणणे आणि वाचणे यांतली गल्लत हा आणखी एक फसवा प्रकार. ज्या घरांत मुले पाठशाळेत जातात तेथे हे सहज पाहता येते. भक्तामर स्तोत्राचे अठ्ठेचाळीस श्लोक मूल घडाघडा म्हणते, समोर पुस्तक उघडे असते, पानही वेळेवर उलटले जाते. मध्येच एका शब्दावर बोट ठेवून हा कोणता असे विचारले की ते सुरुवातीपासून म्हणू लागते. पाठांतराला कमी लेखण्याचे कारण नाही. कानावर पडलेली लय पुढे वाचनाला बळ देते. मात्र शाळेच्या धड्यातही असेच घडते आणि शिक्षकाला वाटते की वर्ग वाचतो आहे. बोट मधल्या ओळीवर ठेवले की खरी पायरी कळते.

नुसते जतन आणि वाचन यांतल्या अंतराचे मोठे उदाहरण अमरावतीच्याच इतिहासात आहे. षट्खंडागमाची धवला टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत, जुन्या कन्नड लिपीत होती. लोक दर्शन घेत, वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. नागरी लिपीतल्या प्रती तयार व्हायलाच अनेक वर्षे गेली. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात संस्कृत शिकवणारे डॉ. हीरालाल जैन यांनी संपादनाचे काम हाती घेतले आणि १९३९ साली पहिला खंड अमरावतीहून प्रसिद्ध झाला. सोळा खंड पुरे व्हायला जवळजवळ वीस वर्षे लागली. ज्या गावाने एवढे वाचून दाखवले, त्याच्या पंचक्रोशीत चौथीचे मूल चार ओळींवर अडावे, हे बरे दिसत नाही.

वलगावच्या वर्गात आणखी एक गोष्ट आहे, जी पुण्यामुंबईच्या वर्गात नसते. ती म्हणजे वऱ्हाडी. पुस्तकात 'शाळा' छापलेले असते आणि मूल 'शाया' वाचते. 'डोळा'चा 'डोया' होतो, 'पाणी'चे 'पानी'. ही वाचनाची चूक आहे का? मुळीच नाही. छापील शब्द ओळखून, त्याचा अर्थ समजून, मुलाने तो आपल्या घरच्या उच्चारात म्हटला. येथे प्रत्येक वेळी थांबवून उच्चार सुधारत बसले तर ओघ तुटतो, आणि काही दिवसांनी मूल मोठ्याने वाचायचेच टाळते. प्रमाण उच्चार पुढे सावकाश येतो. गाडगेबाबांनी साऱ्या महाराष्ट्रात याच बोलीत कीर्तन केले. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घेत आणि त्यावर पुढचा प्रश्न रचीत. समोरचा जेथे उभा आहे तेथून सुरुवात, हीच त्यांची रीत होती. याच रस्त्याने परतवाड्याच्याही पुढे मेळघाटात गेले की प्रश्न आणखी अवघड होतो. तेथील कोरकू मुलाच्या घरची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही, आणि पहिलीत त्याला परक्या भाषेत वाचायला बसावे लागते.

मुलाच्या पायरीवरून सुरुवात करण्याचा पद्धतशीर प्रयोग मुंबईत झाला. माधव चव्हाण आणि फरीदा लांबे यांनी १९९० च्या दशकात वस्त्यांमध्ये सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने 'बालसखी' नेमल्या. त्याच वस्तीतल्या, माध्यमिक शाळा शिकलेल्या तरुणी तिसरी-चौथीच्या वर्गातील पंधरावीस मागे पडलेली मुले दिवसातून दोन तास वेगळी बसवीत आणि त्यांना जे येत नाही तेच शिकवीत. मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांतील या कामाची शास्त्रीय तपासणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी केली आणि तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. फायदा झाला, आणि तो मुख्यतः सर्वांत कच्च्या मुलांना झाला. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे या पद्धतीत तिसरी ते पाचवीची मुले रोज काही वेळ इयत्ता विसरून पायरीप्रमाणे गटांत बसू लागली. पाचवीचा मोठा मुलगा तिसरीच्या मुलीशेजारी बाराखडीच्या तक्त्यापुढे बसतो. लाज वाटेल असे मोठ्यांना वाटते. पण खरी लाज रोज न समजणाऱ्या धड्यापुढे बसण्यात असते. पायरी चढली की गट बदलतो, हे मुलांना ठाऊक असते.

महाराष्ट्रात २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' निर्णयानंतर पायाभूत चाचण्या आल्या, तक्ते आले, नोंदी आल्या. नोंदींचा भार शिक्षकांवर वाढला, ही त्यांची तक्रार खोटी नाही. मुलाची पायरी रजिस्टरात भरून ठेवणे म्हणजे त्याला पुढच्या पायरीवर नेणे नव्हे. ताळेबंद लिहिल्याने दुकान चालत नाही.

आणि दुकानाचा विषय निघालाच आहे. अमरावतीच्या पेढ्यांवर, कापडाच्या आणि किराण्याच्या दुकानांत, सरकी-ढेपेच्या गोदामांत काम करणारी कितीतरी माणसे वलगाव आणि आसपासच्या खेड्यांतून येतात. त्यांची मुले गावच्याच शाळेत शिकतात. दिवाळीला कपडे दिले जातात, जूनमध्ये वह्याही दिल्या जातात. मुलाला चार ओळी वाचता येतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. त्यासाठी शिक्षक असण्याची गरज नाही. समोर बसून दहा मिनिटे ऐकून घेणारे माणूस लागते, आणि मुलाच्या पायरीचे पुस्तक लागते. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आता मोबाईलवरही वाचता येतात. 'प्रथम बुक्स'च्या मराठी गोष्टी तर चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. घरचा नातू इंग्रजी शाळेत जात असला आणि मराठीत त्याची पायरी शब्दांचीच निघाली, तर त्यालाही तीच पुस्तके चालतात. अनेक घरांत ती तशीच निघते.

मुक्तागिरीहून परतताना दुपार झालेली असते आणि मुले पूर्ण जागी असतात. परतवाडा मागे पडते. ज्यांचा जन्म तेथे १९१६ साली झाला ते गो. नी. दांडेकर सातवीनंतर शाळा सोडून निघाले आणि पुढे काही काळ गाडगेबाबांच्या सहवासात राहिले. मराठीला मोठा कादंबरीकार मिळाला. शाळा सुटली तरी ज्याचे वाचन सुटले नाही त्याची गोष्ट वेगळी.

रस्त्याच्या कडेचे फलक येऊ लागतात. एखादा नातू खिडकीला नाक लावून वाचू लागतो. गावाचे नाव वाचून होण्याआधी फलक मागे जातो आणि तो चिडतो. आजोबा चालकाला गाडी हळू घ्यायला सांगतात. आसेगाव सहज येते. 'पूर्णा'वर तो थांबतो, 'पुणा' म्हणतो, मान वळवून पुन्हा पाहतो, मग त्याला रफार दिसतो. कोणी काही बोलत नाही. तुरीची शेते जातात, वलगाव येते, आणि पेढीच्या काठी गाडी थांबते. 'निर्वाणभूमी' हा शब्द चांगलाच लांब आहे. पहिल्यांदा वाचायला त्याला बराच वेळ लागतो. आजोबा म्हणतात, "आता परत एकदा वाच बरं." तो वाचतो.